‘गेल्या शनिवारी तर चालत होतं!’ : फाउंड्रीची लिंक खेळाडूंना उघडत नाही तेव्हा

शनिवार, रात्रीचे साडेआठ. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, कथा रचत खेळायच्या खेळाची आमची वेळ; तो आम्ही फाउंड्रीवर, म्हणजे नकाशे आणि फासे ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळतो. मी पुण्यात, दोघं नाशिकला, एक जण कोल्हापुरात आणि एक मैत्रीण टोरांटोत. तिच्याकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि घरच्यांना सांगून तिने तीन तास मोकळे ठेवलेले असतात. डिस्कॉर्डवर सगळे आलेत, गेल्या खेपेला आपण गुहेच्या तोंडाशी थांबलो होतो याची उजळणी झाली आहे, आणि मग ते वाक्य येतं : ‘दादा, लिंक उघडत नाहीये.’ गेल्या शनिवारी हीच लिंक चालत होती. मधल्या सात दिवसांत कुणी कशाला हात लावलेला नाही.

आमचे लागोपाठ तीन शनिवार असे गेले. मी राउटरच्या सेटिंगमध्ये अडकलेला आणि बाकीचे चौघं वाट बघत बसलेले. तिसऱ्यांदा खेळ रद्द केला तेव्हा टोरांटोची मैत्रीण ‘बरं, पुढच्या वेळी’ एवढंच म्हणाली, पण तिचा हिरमोड आवाजात कळत होता. पाच माणसांनी चार गावांतून एक संध्याकाळ बाजूला काढायची आणि ती अशी वाया जायची, हे मला फार लागलं. मग पुढचा आठवडा बसून या दुखण्याचं मूळ शोधलं. ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

आधी थोडं गणित समजून घेऊ. फाउंड्रीचा परवाना एकदाच घ्यावा लागतो आणि तोही फक्त डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने. खेळाडूंना काही विकत घ्यावं लागत नाही, ब्राउझर पुरतो. पण त्या बदल्यात सहसा डीएमचा लॅपटॉप हाच सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना खेळ पुरवणारा संगणक होतो. रोल२० हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. फाउंड्रीत मात्र टोरांटोच्या ब्राउझरला थेट तुमच्या घरातल्या लॅपटॉपपर्यंत यावं लागतं. त्या वाटेवर तीन पत्ते आहेत, आणि तिन्ही तुम्हाला न विचारता बदलू शकतात.

पहिला पत्ता लॅपटॉपचा, घरातल्या घरातला; तो राउटर देतो आणि साधारण १९२.१६८ ने सुरू होतो. दुसरा राउटरचा बाहेरचा पत्ता; तो नेटवाला देतो. तिसरा पत्ता बाहेरच्या जगाला दिसतो. दुसरा आणि तिसरा एकच असले तर तुमचं काम सोपं आहे. वेगळे असले तर राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती ठरलेल्या लॅपटॉपकडे वळवायची सोय) करा, उपयोग होणार नाही. तीन शनिवार मी नेमकं हेच करत बसलो होतो.

आधी फोन हातात घ्या

काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि तीच लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. फोनवर फाउंड्री नीट खेळता येत नाही, पण आपल्याला लॉगिनचं पान दिसतंय का एवढंच बघायचं आहे.

ही चाचणी घरच्या वायफायवरून करू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी विनंती अडवतात. त्यामुळे बाहेरच्यांना लिंक छान चालत असतानाही घरातून ती बंद दिसते आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

फोनवर पान उघडलं, तर तुमच्या बाजूला सगळं ठीक आहे. मग ज्याची तक्रार आहे त्या खेळाडूकडे वळा. बहुतेक वेळा दोनपैकी एक सापडतं. एक तर त्याने जुन्या आठवड्याची लिंक बुकमार्क केलेली असते, किंवा पत्ता हाताने टाइप करताना शेवटचा विसर्गचिन्हासारखा कोलन आणि ३०००० हा पोर्ट, म्हणजे फाउंड्रीच्या दाराचा क्रमांक, गाळलेला असतो. कधीकधी ब्राउझर आपणहून एचटीटीपीचं एचटीटीपीएस करतो आणि पान उघडतच नाही. कारण घरच्या साध्या सर्व्हरवर एचटीटीपीएसला लागणारं सुरक्षेचं प्रमाणपत्र नसतं. पत्ता पूर्ण, सुरुवातीच्या एचटीटीपीसकट, कॉपी करून टाकायला सांगा.

फोनवरही पान उघडलं नाही, तर पुढे वाचा.

लॅपटॉपचा पत्ता सरकला

राउटरमध्ये तुम्ही कधीतरी लिहून ठेवलंत की ३०००० पोर्टवर येणारं सगळं १९२.१६८.१.७ कडे पाठव. त्या दिवशी तुमचा लॅपटॉप ७ होता. मग आठवड्यात राउटर एकदा बंद-चालू झाला, आधी टीव्ही जोडला गेला, त्याने ७ घेतला आणि लॅपटॉपला ९ मिळाला. आता टोरांटोची मैत्रीण तुमच्या टीव्हीचं दार ठोठावते आहे.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या, आयपीव्ही४ पत्ता (टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा) बघा आणि राउटरमधल्या नोंदीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर नोंद दुरुस्त करून थांबू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच होईल. राउटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाचं पान असतं, तिथे लॅपटॉपसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा.

हे करूनही पत्ता बदलत राहिला तर विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू आहे का ते बघा. ते चालू असलं की लॅपटॉप राउटरला वेगळ्याच ओळखीने भेटू शकतो, आणि राखीव जागा भलत्याच नावावर राहते. घरच्या नेटवर्कसाठी ते बंद करा.

लॅपटॉपवरच आणखी एक चोर असतो, फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी. फाउंड्री पहिल्यांदा चालवताना विंडोज परवानगी विचारतं. तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबलं असेल, किंवा परवानगी फक्त प्रायव्हेट नेटवर्कला दिली असेल आणि घरचं वायफाय पब्लिक म्हणून नोंदलेलं असेल, तर विनंती राउटरपर्यंत येऊन लॅपटॉपच्या उंबऱ्यावर अडते. नवा राउटर घेतला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, म्हणून हा बिघाडही ‘अचानक’ झाल्यासारखा वाटतो. घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये फाउंड्रीला परवानगी आहे याची खात्री करा. फायरवॉल सरसकट बंद करून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. तुम्ही बाहेरच्या जगाला एक दार उघडून देताय, बाकीची दारं बंदच असली पाहिजेत.

घरात दोन डबे आहेत का?

हा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला एक डबा असतो, आणि त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर त्याला जोडलेला असतो. दोघंही आपापल्या परीने पत्ते वाटतात. तुम्ही पोर्ट फॉरवर्ड करता दुसऱ्या डब्यावर, पण विनंती आधी पहिल्या डब्यावर येते आणि तिथे तिला पुढची वाट कुणी सांगितलेलीच नसते.

ओळखायचं असं : तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन किंवा इंटरनेट या नावाखालचा पत्ता बघा. तोही १९२.१६८ ने सुरू होत असेल तर दोन डब्यांचा घोळ आहे. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं. मग तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते पहिलाच डबा वाटतो. नाहीतर खेळाच्या वेळी लॅपटॉप केबलने थेट पहिल्या डब्याला जोडा. केबलचा आणखी एक फायदा म्हणजे वायफायची लटलट संपते. डीएमने शक्यतो केबलवरच बसावं असं माझं ठाम मत आहे.

खरं दुखणं इथे आहे

आता त्याच स्टेटस पानावरचा वॅन पत्ता कागदावर लिहून घ्या. मग गुगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा आणि तिथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर सुटलात. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्या नेटवाल्याने तुम्हाला इतर अनेक ग्राहकांबरोबर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात.

सोसायटीच्या उदाहरणाने सांगतो. पूर्वी तुमच्या इमारतीला स्वतःचं गेट होतं आणि वॉचमनला तुम्ही सांगू शकत होतात, ‘टोरांटोहून कुणी आलं तर तिसऱ्या मजल्यावर पाठव.’ आता दहा इमारतींना मिळून बाहेर एकच मोठं गेट बसवलं आहे आणि त्या गेटवरचा वॉचमन तुमचं ऐकत नाही. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेर जाऊन मागवलेली वस्तू आत येते, पण न बोलावता आलेला पाहुणा त्या गेटवरूनच परत जातो. यूट्यूब, बँक, ऑफिसचा व्हीपीएन हे सगळं आतून बाहेर जाणारं असतं, म्हणून ते व्यवस्थित चालतं. फाउंड्रीचा खेळाडू मात्र बाहेरून आत येतो.

हे कुणी खोडसाळपणे केलेलं नाही. आयपीव्ही४ चे पत्ते मोजून सव्वाचारशे कोटींच्या आसपास आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. २०१२ मध्ये १००.६४ चा पट्टा खास या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. ग्राहक वाढत गेले आणि पत्ते तेवढेच राहिले.

पण ग्राहकाला सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. आमच्या नेटवाल्याने आमच्या भागातली जोडणी एका रात्रीत सीजीनॅटवर नेली आणि कळवलं नाही. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘सर, आमच्याकडून पोर्ट चालूच आहे, राउटर रीस्टार्ट करा’ हे उत्तर मिळालं. चौथ्यांदा मी प्रश्न बदलला : ‘माझ्या जोडणीला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) आहे की सीजीनॅट?’ तेव्हा कुठे फोन तांत्रिक माणसाकडे गेला. तुम्हीही याच शब्दांत विचारा. पोर्टबद्दल विचारलंत तर गोल गोल फिराल.

पुष्कळ नेटवाले वेगळे पैसे घेऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पब्लिक पत्ता, देतात. तो परवडत असेल आणि मिळत असेल तर प्रश्न संपला, वरची पोर्ट फॉरवर्डिंगची व्यवस्था पुन्हा चालू लागेल. स्टॅटिक नसलेला पण पब्लिक पत्ताही चालतो, फक्त तो राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. संध्याकाळी वीज जाऊन आली की लिंक मेली, असं होतं ते यामुळे. अशांनी दर सेशनच्या आधी फाउंड्रीतल्या इन्व्हिटेशन लिंक्समधून ताजी लिंक घेऊन ग्रुपवर टाकावी, आणि राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस घ्यावा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, आणि खेळ तुटतो तो राउटरमुळे.

मी काय केलं : बोगदा

पत्त्यांच्या मागे धावणं मी सोडून दिलं. बाहेरून आत येता येत नसेल तर आतून बाहेर एक बोगदा काढायचा आणि खेळाडूंना त्याच्या बाहेरच्या तोंडाशी बोलवायचं. लॅपटॉप स्वतः बाहेर जोडणी करतो, त्यामुळे मोठ्या गेटवरच्या वॉचमनला हरकत घेण्याचं कारणच उरत नाही. राउटरला हात लावायचा नाही, पोर्ट उघडायचा नाही, पत्ता बदलला तरी फरक पडत नाही.

मी क्लाउडफ्लेअर या कंपनीचा टनेल, म्हणजे बोगदा, वापरतो. त्यांचा क्लाउडफ्लेअर्ड नावाचा छोटा प्रोग्राम उतरवून घ्या, फाउंड्री चालू करून तुमचं वर्ल्ड (तुमचा खेळ) उघडा, आणि मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ द्या. अर्थात सगळी इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत :

क्लाउडफ्लेअर्ड टनेल --यूआरएल एचटीटीपी://लोकलहोस्ट:३००००

थोड्या वेळात एचटीटीपीएसने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता मिळतो. तो खेळाडूंना पाठवा, झालं. खातं उघडावं लागत नाही. कमांडची खिडकी मात्र खेळ संपेपर्यंत बंद करायची नाही. प्रत्येक वेळी पत्ता नवा मिळतो आणि ही झटपट सोय मुळात चाचणीसाठी आहे, तिची हमी कुणी देत नाही. पहिला शनिवार वाचवायला ती पुरेशी आहे.

कायमचं करायचं तर स्वतःचं डोमेन घेऊन ते क्लाउडफ्लेअरवर आणा आणि नाव दिलेला टनेल बनवा. मग पत्ता कधीच बदलत नाही आणि क्लाउडफ्लेअर्ड विंडोजची सेवा म्हणून बसवलं की लॅपटॉप चालू होताच टनेलही चालू होतो. इथे एक बारकावा आहे. फाउंड्रीला बाहेर एचटीटीपीएस आहे हे सांगावं लागतं. फाउंड्रीच्या युजर डेटामधल्या कॉन्फिग फोल्डरात ऑप्शन्स नावाची जेसन फाइल असते, तिच्यात प्रॉक्सीएसएसएल ट्रू आणि प्रॉक्सीपोर्ट ४४३ करा. ही फाइल फाउंड्री बंद असतानाच बदला. फाउंड्रीतूनच कॅमेरा-माइक वापरणाऱ्यांनी हे नक्की करावं, कारण सुरक्षित पत्त्याशिवाय ब्राउझर माइक देतच नाही.

आणि हे मनापासून सांगतो : टनेल काय किंवा पोर्ट काय, दार उघडण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवा, प्रत्येक खेळाडूच्या नावालाही पासवर्ड ठेवा. गेम मास्टरचं खातं बिनपासवर्डचं ठेवून लिंक पसरवलेले ग्रुप मी पाहिले आहेत.

टेलस्केल, म्हणजे आपल्यापुरतं खासगी नेटवर्क बनवणारा प्रोग्राम, हाही चांगला मार्ग आहे, पण नेहमीच्या पद्धतीने तो प्रत्येक खेळाडूला बसवावा लागतो. आमच्यातला एक जण ऑफिसच्या लॅपटॉपवरून खेळतो, तिथे काही बसवता येत नाही, म्हणून आम्ही तो सोडला. आणखी एक : टेलस्केलसुद्धा १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देतं. ते बसवलेलं असेल तर आयपीकॉन्फिगमध्ये १०० ने सुरू होणारा पत्ता बघून सीजीनॅट आहे असा निष्कर्ष काढू नका. राउटरच्या पानावरचाच पत्ता खरा धरा.

लिंक उघडते, पण नकाशा काळा

हा वेगळा आजार आहे, पण तक्रार त्याच सुरात येते म्हणून इथेच लिहितो. एका खेळाडूला लॉगिन करता येतं, गप्पांची पट्टी दिसते, फासे पडतात, पण मधोमध काळोख. बाकीच्यांना तोच नकाशा दिसतो आहे.

दोन गोष्टी असतात. पहिली, नकाशा वाटेत आहे. २४ एमबीची पीएनजी फाइल चार खेळाडूंना पाठवायची म्हणजे ९६ एमबी, म्हणजे ७६८ मेगाबिट. तुमच्या जोडणीचा अपलोड १० एमबीपीएस असेल तर सव्वा मिनिटाहून जास्त वेळ जातो, तोही सगळं सुरळीत असताना. डाउनलोड १०० असला तरी इथे उपयोग नाही, डीएमला लागतो तो अपलोड. हीच प्रतिमा वेबपी या आटोपशीर फाइल-प्रकारात बदलली की सहसा काही एमबींवर येते. ३ एमबी धरली तर चौघांचं मिळून काम दहा सेकंदांच्या आत. शिवाय वरच्या पट्टीत सीनच्या (पुढच्या नकाशाच्या) नावावर राइट क्लिक करून प्रीलोड सीन द्या. खेळाडू खानावळीत सौदेबाजी करत असताना पुढची गुहा त्यांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप पोचलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. वेबपीने फाइल लहान होते, पण ग्राफिक्स चिपच्या मेमरीत प्रतिमा उलगडूनच ठेवावी लागते, एका पिक्सेलला चार बाइट. ६० बाय ४५ चौकटींचा नकाशा, दर चौकटीला १४० पिक्सेल, म्हणजे ८४०० बाय ६३००. मेमरीत तो २१० एमबीच्या वर जातो, फाइल कितीही छोटी असो. वर काही जुन्या ग्राफिक्स चिपांना एका बाजूला ८१९२ पिक्सेलपेक्षा मोठी प्रतिमा घेताच येत नाही. त्या खेळाडूला काळोखच दिसणार. तोच नकाशा चौकटीला १०० पिक्सेल धरून केला तर ६००० बाय ४५०० होतो, मेमरी निम्मी लागते आणि मर्यादेच्या आतही बसतो. दिसण्यात फारसा फरक पडत नाही. फक्त भिंती आणि दिवे मांडायच्या आधी हे करा, नंतर आकार बदलला तर सगळं पुन्हा जुळवत बसावं लागेल.

नकाशा लहान असूनही काळोख असेल तर त्या खेळाडूच्या ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद आहे का ते विचारा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझरला हाय परफॉर्मन्स द्या. सफारी वापरणाऱ्याला क्रोम किंवा फायरफॉक्स उघडायला सांगा. फाउंड्रीतला परफॉर्मन्स मोड प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, त्यामुळे एकट्याचा लो करून बघायला हरकत नाही.

सगळ्यांनाच एकदम काळोख दिसतोय आणि कालच फाउंड्री अपडेट केलं आहे? मग दोष मॉड्यूलचा, म्हणजे फाउंड्रीत बसवलेल्या एखाद्या जोड-प्रोग्रामचा. मॅनेज मॉड्यूल्समध्ये सगळी बंद करा, चालतंय का बघा, मग निम्मी निम्मी चालू करत दोषी शोधा. शुक्रवारी-शनिवारी अपडेट करू नये. आणि करण्याआधी फाउंड्री पूर्ण बंद करून युजर डेटाच्या फोल्डरची प्रत दुसरीकडे काढावी. तो फोल्डर वनड्राइव्हसारख्या आपोआप जुळवणाऱ्या जागी ठेवू नका. फाउंड्री लिहीत असलेल्या फाइलींना त्याच वेळी दुसरा प्रोग्राम हात लावतो आणि वर्षभराचं कॅम्पेन खराब होऊ शकतं.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारणार असाल तर सोबत चार गोष्टी द्या : फाउंड्रीची आवृत्ती, मोबाइल डेटावरच्या चाचणीत काय झालं, राउटरवरचा वॅन पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता सारखे आहेत की वेगळे, आणि घरात डबे किती. वॅन पत्त्यातल्या टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोनच लिहा, पूर्ण पत्ता चारचौघांत टाकू नका. आणि शक्य असेल तर ही चाचणी शुक्रवारी रात्री करा, म्हणजे दुरुस्तीला अख्खा शनिवार हातात राहतो.